अक्का, गयाबाईंना सांगून आले

अक्का, तुला माती दिली त्या दिवशी पाळकसाहेब चांगलं बोलले. बाहेर पडताना जो तो तेच म्हणत होता, किती छान बोलले. मी पहिल्या बाकावर बसून ऐकत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. ते म्हणाले, आपल्या भगिनीनं देवाची इच्छा हसतमुखानं स्वीकारली, आयुष्यभर कधी कुरकुर केली नाही. मला उठून उभं राहावंसं वाटलं. विचारावंसं वाटलं, साहेब, तुम्ही कुणाबद्दल बोलताय? या पेटीत जी बाई आहे ती कोल्हारात पिठाची गिरणी चालवायची, आणि गिरणी सुरू झाली की त्या खडखडाटात देवाला नको नको ते बोलायची.

पण मी उठले नाही. त्राणच नव्हतं. नगरहून तुझ्याबरोबर गाडीत बसून आले होते, आदल्या दिवसापासून पोटात अन्न नव्हतं, आणि मेलेल्या माणसाला हसतमुख करून टाकायची लोकांना इतकी घाई असते की त्यांच्याशी भांडायला निराळी ताकद लागते.

मी पहिल्यांदा ऐकलं तो दिवस तुला आठवत असेल. तुझ्या आशिषला जाऊन फार दिवस झाले नव्हते. मी तुझ्याकडे राहायला आले होते. चहाला हाक मारायला मागच्या दारानं गिरणीत आले तर तू मशीनला टेकून उभी होतीस, भुवया पिठानं पांढऱ्या झालेल्या, आणि वर बघून ओरडत होतीस, "असा न्यायचा हुता तर दिला कशाला? बोल ना. ऐकू येत न्हाई असं दावू नको मला." मला वाटलं तुझं डोकं फिरलं. मी दिसले तशी तू बटण बंद केलंस, हात झटकलेस आणि म्हणालीस, "झाला का चहा?"

नंतर मी तुला विचारलं, हे काय चाललं होतं? तू म्हणालीस, "प्रार्थना." मी म्हटलं, "अशी प्रार्थना असते?" तर तू म्हणालीस, "माझी हाय."

आशिष वाईट मुलगा नव्हता. हे वाक्य मी इतक्या वर्षांत कुणापुढे म्हणू शकले नाही, म्हणून तुझ्यापुढे म्हणते. भाऊजी गेल्यावर तो बिघडला. चर्चमध्ये तबला वाजवणारा पोरगा बाजाराच्या दिवशी पिऊन यायला लागला. तू बोलायचीस, तो हो म्हणायचा, चार दिवस बरा राहायचा. मग एका संध्याकाळी टोमॅटो टाकून रिकामी पिकअप घेऊन परत येताना राहुरीच्या अलीकडे त्यानं एका मोटरसायकलला उडवलं. मोटरसायकलवर संतोष होता, गयाबाईंचा धाकटा. जनावरांसाठी पेंडीचं पोतं घेऊन घरी निघाला होता. घर तिथून हाकेच्या अंतरावर. तो जागच्या जागी गेला. आशिष दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेला, शुद्धीवर न येता.

दोन घरांत एकाच वेळी रडणं होतं, पण एका घराला रडायचा हक्क होता आणि दुसऱ्याला नव्हता. लोक भेटायला आले ते मान खाली घालून आले आणि लवकर उठले. पेपरात दारुड्या चालक म्हणून आलं. दारुड्या चालक! त्याच्या बाप्तिस्म्याचं पांढरं झबलं मी शिवलं होतं.

आणि मग आशिषच्या मातीच्या वेळची ती उपासना. तेव्हाचे पाळक दुसरे होते, त्यांची नंतर बदली झाली. पेटी समोर ठेवलेली, तू पेटीच्या कडेवर हात ठेवून बसलेली, आणि ते म्हणाले, हा देवाचा न्याय आहे, मंडळीतल्या तरुणांनी यावरून बोध घ्यावा. बोध! बायकांनी माना डोलावल्या. त्यातल्या दोघी-तिघींनी आशिषला अंगाखांद्यावर खेळवलेलं. मी बाहेर निघून गेले. तू बसून राहिलीस. त्या दिवसानंतर मी चर्चची पायरी चढले नाही, ती थेट तुझ्या मातीला.

तू मात्र पुढच्याच रविवारी जाऊन बसलीस, तुझ्या नेहमीच्या जागी. तुझ्या बाकावर कुणी बसेना. गिरणीवर दळण यायचं थांबलं, बाया डबे घेऊन तुझ्या दारावरून पलीकडच्या गिरणीत जायच्या, आपल्यातल्याही आणि गावातल्याही. त्यांचं काय म्हणणं होतं देव जाणे. जणू तुझ्या हातच्या पिठात काही उतरणार होतं. तू गिरणी तरी रोज उघडायचीस, झाडायचीस, आणि कधीकधी धान्य नसताना मशीन सुरू करायचीस. कशासाठी ते मला ठाऊक होतं.

आपलं भांडण तेव्हापासूनचं. मी म्हणायचे, "अक्का, ज्या माणसानं तुझ्या लेकाच्या पेटीवर उभं राहून न्याय झाला म्हणून सांगितलं, त्याच्यासमोर जाऊन बसतेस कशी?"

"मी त्याच्यासमोर न्हाई बसत."

"मग कुणासमोर? देवासमोर? त्यानंच तर केलं हे, असं हे म्हणतात."

तू पदरानं तोंड पुसलंस. तू विचार करत असलीस की तसं करायचीस. म्हणालीस, "सुशे, न्याय हाय म्हनले ना ते? असंल. मग न्याय करनारा बी हाय. त्याच्याम्होरं जाऊन मला दया मागता येती, भांडता येतं. नुसता अपघात हाय असं म्हटलं तर मी कुनाकडं जाऊ? त्या पिकअपकडं?"

मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. मी म्हटलं, "असल्या न्यायाधीशाचं तोंडही बघू नये." तू म्हणालीस, "तू नको बघू. मला कामच हाय त्याच्याशी." आणि उठून भाकऱ्या करायला लागलीस. तुझी ही सवय मला फार जाचायची, भांडण अर्ध्यावर टाकून चुलीकडे जायचं. किती भांडणं अशी अर्धी राहिली, अक्का. आता पूर्ण करायला कुणाला बोलावू?

संतोषचं दहावं-तेरावं झाल्यावर तू म्हणालीस, मला त्याच्या आईकडे जायचंय. मी हात जोडले. म्हटलं, ते मारतील तुला. तू म्हणालीस, "मारतील तर मारतील." तुला एकटीला जाऊ देववेना म्हणून मी आले. फाट्यावर एसटीतून उतरलो, उसाच्या कडेकडेनं वस्तीवर गेलो. कुत्रं भुंकत आलं. गयाबाई ओट्यावर बसल्या होत्या, काळ्या, काटक, कपाळ मोकळं. तू कोण आहेस ते तूच सांगितलंस. त्या उठल्या. मला वाटलं आता धरतात तुझ्या झिंज्या. त्या एवढंच म्हणाल्या, "तुजं पोर मेलं न्हवं?"

तू म्हणालीस, "व्हय."

"लई बरं झालं. जगलं असतं तर मी त्याला हातानं मारलं असतं."

तू पुन्हा म्हणालीस, "व्हय."

मग त्यांनी जे तोंड सोडलं ते मी इथे लिहीत नाही. थोरला मुलगा गोठ्यातून धावत आला, म्हणाला, बाई, तुमी जावा, आमाला तमाशा नको. आपण निघालो. रस्ताभर मी रडत होते, तुझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. फाट्यावर उभ्या असताना तू म्हणालीस, "तिनं मनातलं तोंडावर तरी सांगितलं. बाकीचे पाठीमागं बोलत्यात."

पुढच्या वर्षी त्याच दिवसाला तू पुन्हा गेलीस. मला न सांगता. त्याच्या पुढच्या वर्षीही. मी फोनवर चिडायचे, कशाला जातेस शिव्या खायला? तू म्हणायचीस, "जाते, बसते, येते." तिथे काय होतं ते कधी सांगितलं नाहीस. मी मनाशी ठरवून टाकलं की तू स्वतःला शिक्षा करून घेतेस. आणि त्याचाही राग मी देवाच्याच खात्यावर टाकला.

मग तुझ्या किडन्या गेल्या. जणू एवढं पुरेसं नव्हतं. डायलिसिससाठी तू नगरला माझ्याकडे राहायला आलीस. गिरणीला कुलूप लागलं. तुला दवाखान्यात नेताना रिक्षात तुझा हात हातात घ्यायचे तर तो नुसता हाडांचा, पिठाचा वास तेवढा तुझ्या जुन्या साड्यांना अजून येत होता. चर्चचे लोक भेटायला यायचे, फळं आणायचे. आणि कुणीतरी हळूच म्हणायचं, एका घरावर इतकं का यावं, काहीतरी असेलच. हेच पाळकसाहेब, ज्यांनी तुला परवा हसतमुख केलं, तेही आले होते. त्यांचा स्वभाव वाईट नाही, हे मी मान्य करते. पण त्यांनी तुला विचारलं, "बहिणी, मनात एखादी गोष्ट राहिली असेल तर देवापुढे कबूल करून टाका. कधीकधी आजार त्यासाठीच येतो."

तू उशीला टेकून बसलीस. म्हणालीस, "साहेब, बसा. चहा घ्या. पर माझ्या आजाराचा अर्थ तुमी लावू नका. माझ्या लेकाच्या मरनाचा अर्थ लावून झालाय एकदा. आता जे काय हाय ते देवाचं देवाला सांगू द्या."

ते चहा न घेताच गेले. आणि आपण दोघी हसलो, अक्का. तुला खोकला येईपर्यंत हसलो. तुझ्या आजारपणातलं ते एवढंच हसणं मला आठवतं. हसतमुखानं स्वीकारली म्हणे.

त्या दिवसांत तू एकदा मला विचारलंस. दुपारची वेळ होती, डायलिसिसहून आल्यावर तू गळून पडायचीस तशी पडली होतीस. मला वाटलं झोपलीस. तू म्हणालीस, "सुशे, आशिष कुठं असंल?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हंजे आता. एक जीव घेऊन गेला तो. माफी मागायला बी येळ मिळाला न्हाई त्याला."

मी काय सांगणार होते? मी शिक्षिका, रोज पोरांना उत्तरं देते. मी तुझ्या अंगावर चादर घातली. तू स्वतःच म्हणालीस, "मी त्याला टाकू शकत न्हाई. मी एवढीशी बाई. मग ज्यानं त्याला बनवला तो टाकंल का? टाकला असंल तर मला बी त्याच्यासंगं टाकावं लागंल." तुझा आवाज अजिबात गोड नव्हता. तू देवाला बजावत होतीस. पण मी तुझ्याकडे बघितलं तर तुझा चेहरा सैल पडला होता, बऱ्याच वर्षांनी. तेव्हा मला वाटलं, हिला खरंच काहीतरी मिळालंय, मला दिसत नसलं तरी. आणि मला तुझा हेवा वाटला. मत्सरच म्हण. मी देवाशी बोलणं सोडून इतकी वर्षं मिळवलं काय होतं? माझ्याही वाट्याला तेच दुःख होतं, आशिष माझाही होता. फरक एवढाच की माझ्या रागाला कुठे जायला जागा नव्हती.

शेवटी शेवटी तू बोलेनाशी झालीस. मी मुद्दाम टोचलं, "काय गं, आता नाही ओरडत त्याच्यावर?" तू म्हणालीस, "आवाज न्हाई राहिला. आन् तो बी गप्प हाय." मी म्हटलं, "बघ, मी सांगत होते." तू मान हलवलीस. "गप हाय. पर उठून गेला न्हाई. कुनी जवळ गप बसलं तरी कळतंच की."

त्यानंतर तू माझ्याकडे एकच गोष्ट मागितलीस. "मी गेले की गयाबाईला जाऊन सांग. फोन करू नको. जाऊन सांग."

अक्का, मला जायचं नव्हतं. तुझी तिसऱ्या दिवसाची उपासना झाली, पाहुणे पांगले, मी गिरणीची किल्ली पिशवीत टाकली आणि कोल्हारहून नगरच्या एसटीत बसले. ठरवलं होतं की फाट्यावर उतरायचं नाही. ज्या बाईनं तुला कुत्र्यासारखं हाकललं, तिला तुझ्या मरणाची बातमी देऊन मी तिचं समाधान का करू? गाडी फाट्याजवळ आली आणि कंडक्टरनं विचारलं, कुणी उतरणार हाय का? मी हात वर केला. का केला ते अजून मला सांगता येणार नाही.

गयाबाई खूप म्हाताऱ्या झाल्यात. गोठ्यापुढे बसून घासाच्या पेंढ्या बांधत होत्या. मला ओळखलं नाही. मी सांगितलं, मी कोल्हारच्या गिरणीवाल्या बाईची बहीण. त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली आणि माझ्या मागे वाटेकडे पाहिलं. तू मागून येतेस का, ते बघत होत्या.

मी म्हटलं, "ती गेली."

"कवा?"

"चार दिवस झाले."

"आन् मला आत्ता सांगती?" त्या खेकसल्या. "मातीला का न्हाई बोलावलं मला?"

मी थक्क झाले. म्हटलं, "तुम्ही आला असता?"

"ते मी ठरवलं असतं." मग त्यांनी पदर तोंडाला लावला. रडल्या की काय ते कळलं नाही. पदराआडूनच म्हणाल्या, "आता मी कुनाला बोलू?"

मला खाली बसायला पोतं दिलं. आणि जे तू मला इतकी वर्षं सांगितलं नाहीस ते त्यांनी सांगितलं. दुसऱ्या वर्षी तू गेलीस तेव्हा त्यांनी दगड उचलला होता. मारला नाही, हातात धरून बसल्या, आणि तू समोर बसलीस. तिसऱ्या वर्षी पाणी दिलं. मग त्या संतोषचं सांगायला लागल्या. त्याला कोणतं कालवण आवडायचं, पहिली मोटरसायकल घेतली तेव्हा तो गोठ्यातल्या गाईलाही पेढा चारायला गेला होता. "घरात त्याचं नाव काढलं की सून टीव्हीचा आवाज वाढवती," गयाबाई म्हणाल्या. "थोरला म्हनतो, आये, झालं ते झालं. ती मातर ऐकायची. आख्खा दिवस ऐकायची. दर साली तेच तेच सांगितलं तरी ऐकायची."

स्वतःला शिक्षा करून घेत होतीस म्हणे तू. मला काहीच कळलं नव्हतं.

"मी माफ न्हाई केलं," त्या म्हणाल्या. "तुला सांगून ठेवते. त्या पोराला मी माफ केलं न्हाई. एकदा ती त्याचं काय तरी सांगाया गेली, तर मी म्हटलं, ह्या अंगनात त्याचं नाव घ्यायचं न्हाई. पुन्यांदा कधी घेतलं न्हाई तिनं." मग त्यांनी पेंढीतली एक काडी काढली, मोडली. "काय नाव हुतं त्याचं?"

"आशिष."

"आशिश," त्या म्हणाल्या. "कसा हुता?"

अक्का, मी सांगितलं. तबल्याचं सांगितलं. लहानपणी प्रवरेच्या पाण्यात उतरायला घाबरायचा ते सांगितलं. पहिल्यांदा पिऊन आला तेव्हा तुझ्या पायाशी झोपला होता, तेही सांगितलं. इतक्या वर्षांत त्याच्याबद्दल मला कुणीच विचारलं नव्हतं. त्या अंगणात, त्या बाईनं विचारलं. थोरला मुलगा दुधाची किटली घेऊन गेला, परत आला, आमच्याकडे बघून आत गेला.

मी निघायला उठले तेव्हा गयाबाईंनी माझा हात धरला. "तुमच्यात काय म्हनत्यात? तिकडं गेल्यावर तिला तिचं पोर भेटलं असंल का?"

पुन्हा तोच प्रश्न. पण या वेळी मी म्हटलं, "भेटलं असेल."

"आन् माजा संतोष? तो बी तिकडंच?"

"तोही."

हे मी तुझ्यासाठी बोलले नाही, त्यांचं मन राखायला बोलले नाही. माझ्या तोंडून आलं, आणि आल्यावर ते मला खोटं वाटलं नाही. एवढंच सांगू शकते. तुझ्या देवाशी माझं अजून काही मिटलेलं नाही. पण तो असावा, आणि या तिघांचं काहीतरी नीट करत असावा, असं मला वाटलं. आशिष गेल्यापासून मला असं काही वाटलं नव्हतं.

गयाबाईंनी माझा हात सोडला आणि पुन्हा वाटेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दोघं पोरं एकाच जागी! मग बरं झालं ती गेली. दोघांच्या मधी बसाया कुनीतरी पायजे."